हे कुठून घेतले?

नाटक पाहताना, चित्रपट पाहताना किंवा एखादी गोष्ट वाचताना आधी आनंद व्हावा आणि मग वाटल्यास चौकशी करावी, हा रसिकाचा धर्म. आमचे नेमके उलट आहे. हसू ओठांवर येण्यापूर्वीच ‘हे कुठून घेतले असावे?’ हा प्रश्न आमच्या मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत विनोद दोन प्रसंग पुढे निघून गेलेला असतो. इंग्रजी वाङ्मय घेऊन पदवीधर झालेल्यांना जडणारा हा रोग आहे. पंक्तीतील इतर मंडळी आमटी भुरकीत असता आम्ही तिची फोडणी कोणत्या घराण्याची याचा विचार करीत बसतो, आणि वाढपी पुढे गेल्यावर भानावर येतो.

या रोगाचा पहिला जोराचा झटका आम्हांस १९८८ साली आला. आम्ही तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होतो, आणि डोंबिवलीच्या एका चित्रपटगृहात तीर्थरूपांबरोबर ‘अशी ही बनवाबनवी’ पाहावयास गेलो होतो. सचिन पिळगावकरांनी दिग्दर्शित केलेल्या आणि वसंत सबनिसांच्या लेखणीतून उतरलेल्या त्या चित्रपटाची कथा ज्यास सांगावी लागेल असे मराठी घर आता क्वचितच सापडेल. तरी पुढील विवेचनासाठी तिचा सांगाडा हाताशी असलेला बरा. पुण्यात चार तरुण आहेत. राहावयास जागा नाही. एक जागा मिळण्यासारखी आहे, परंतु मालकीणबाईंस बिऱ्हाडकरू हवेत ते सपत्नीक. तेव्हा चौघांपैकी दोघे पातळ नेसतात आणि उरलेल्या दोघांच्या बायका होतात. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती होते, खुद्द सचिन यांची सुधा होते, आणि अशोक सराफांचा धनंजय माने या सगळ्या डोलाऱ्याखाली टेकू लावीत धावत राहतो.

आमचे तीर्थरूप मुंबईच्या एका कचेरीत कारकून होते. पहाटे उठून गाडी गाठावी, संध्याकाळी लोंबकळत परत यावे, या व्यवसायात हसण्यास फारशी सवड नसते, आणि घरात तर ते गंभीर म्हणूनच प्रसिद्ध होते. त्या दिवशी मात्र ते असे हसले की पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेविली होती. मालकीणबाई अवचित दाराशी येतात आणि आत पदर सावरण्याची धांदल उडते, अशा प्रत्येक प्रसंगी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. आम्ही त्यांच्याकडे चोरून पाहत होतो. वडिलांना इतके हसताना पाहून मुलास आनंद व्हावा. आम्हांस, खरे सांगावयाचे तर, किंचित संकोचल्यासारखे झाले.

बाहेर पडताच आमच्यातील विद्वान जागा झाला. “बाबा, हे काही यांचे नाही,” आम्ही म्हणालो. “अमेरिकेत ‘सम लाइक इट हॉट’ म्हणून एक चित्रपट आहे, १९५९ चा. त्यात दोघे पुरुष बायकांचे कपडे घालून वावरतात. त्याची ही नक्कल.” आमच्या एका प्राध्यापकांनी वर्गात त्या चित्रपटाचा उल्लेख केला होता. पाहिलेला नव्हताच, परंतु न पाहिलेल्या गोष्टींविषयी ठामपणे बोलणे त्या वयात अवघड नसते.

तीर्थरूप काही बोलले नाहीत. चेहऱ्यावरचे हसू मात्र गेले. स्टेशनच्या रस्त्याला लागल्यावर, बरेच अंतर चालून झाल्यावर ते म्हणाले, “आमचं लग्न झालं तेव्हा मी गिरगावात एका खोलीत पाच जणांबरोबर राहत होतो. तुझी आई कल्याणला, माहेरी. आठ महिने. रविवारी जावई म्हणून जायचं आणि रात्रीच्या गाडीनं परत. मालक म्हणे, एकट्या पुरुषांनाच खोली देईन, बाईमाणूस आणायचं नाही. या चौघांना बायका नव्हत्या म्हणून जागा मिळेना. मला बायको होती म्हणून मिळेना.” एवढे बोलून ते भाजी घ्यावयास वळले. आमचे आईवडील लग्नानंतर आठ महिने वेगळे राहिले होते, ही गोष्ट तोवर आम्हांस कोणी सांगितली नव्हती. पुढे डोंबिवलीस चाळीत दोन खोल्या मिळाल्या तेव्हा त्यांचा संसार सुरू झाला, आणि कालांतराने त्या खोल्यांत आम्हीही दाखल झालो.

आता त्या एका वाक्यात आम्ही किती चुका केल्या होत्या, त्यांची मोजदाद करू. पहिली चूक वस्तुस्थितीची. ‘बनवाबनवी’चे मूळ अमेरिकन चित्रपटात नाही. हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटावरून ती घेतलेली आहे, आणि त्या हिंदी चित्रपटाची मुळे बंगालीत आहेत. म्हणजे जागेसाठी बायको होण्याची ही कल्पना कलकत्त्याकडून मुंबईस आणि मुंबईहून पुण्यास आली. ज्या शहरांत माणसे फार आणि खोल्या थोड्या, त्याच शहरांतून ती फिरली, यात नवल नाही.

दुसरी चूक अधिक लाजिरवाणी आहे. जो अमेरिकन चित्रपट आम्ही ‘मूळ’ म्हणून वडिलांच्या अंगावर फेकला, तो स्वतःच उसना होता. ‘फाँफार दामूर’ नावाचा एक फ्रेंच विनोदी चित्रपट १९३५ साली निघाला. त्यात दोन बेकार वादक काम मिळावे म्हणून निरनिराळी सोंगे घेतात, आणि शेवटी बायकांच्या वाद्यवृंदात शिरतात. जर्मनांनी १९५१ साली त्याची आपली आवृत्ती काढली. मग बिली वाइल्डर आणि त्यांचे सहलेखक डायमंड यांनी ती कल्पना हॉलिवूडात नेली. हे आम्हांस पुढे कित्येक वर्षांनी कळले, आणि त्या दिवशी स्टेशनच्या रस्त्यावर आपण किती मोठ्या आवाजात बोललो होतो, ते आठवून कानशिले तापली.

परंतु वाइल्डर यांनी काय घेतले यापेक्षा काय घेतले नाही, हे पाहण्यासारखे आहे. फ्रेंच चित्रपटात वेषांतराला कारण पोटाचे. ते कारण खरे असले तरी सैल आहे. काम मिळाले, चार पैसे गाठीस लागले, की लुगडे सोडून ठेवता येते. वाइल्डर यांनी दोघा वादकांना १९२९ च्या शिकागोत नेऊन एका टोळीने केलेल्या खुनांचे साक्षीदार केले. आता बायकी वेष उतरला की प्राण गेला! प्रहसनाची सगळी गंमत या ‘उतरविता येत नाही’ मध्ये आहे. दोन पुरुष बायकांचे कपडे घालतात हे पाहून प्रेक्षक फार तर पाच मिनिटे हसेल; ते कपडे का काढता येत नाहीत, हे त्याला मनोमन पटलेले असेल तरच तो दोन तास हसतो. अमेरिकन प्रेक्षकाला पिस्तूल पटते. डोंबिवलीच्या प्रेक्षकाला पिस्तूल पटले नसते. त्याला घरमालक पटतो. आमच्या तीर्थरूपांना तर तो इतका पटला होता की खुर्ची धरून बसावे लागले.

हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर हॉलिवूडने फ्रेंच विनोदाशी चालविलेला व्यापार आम्ही नव्या दृष्टीने पाहू लागलो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत हा व्यापार तेजीत होता. पॅरिसमध्ये एखादे प्रहसन गाजले की त्याचे हक्क विकत घ्यावयाचे आणि तेच इंग्रजीत पुन्हा उभे करावयाचे. याचे कारण सांगतात ते असे की अमेरिकन प्रेक्षकाला चित्र पाहता पाहता खालची अक्षरे वाचण्याचा कंटाळा आहे. कोलीन सेरो या दिग्दर्शिकेचा तीन अविवाहित पुरुष आणि एक तान्हे मूल यांचा चित्रपट १९८५ साली फ्रान्समध्ये प्रचंड चालला, आणि तिकडचे सीझार पारितोषिकही त्याला मिळाले. दोनच वर्षांनी ‘थ्री मेन अँड अ बेबी’ आला आणि अमेरिकेत त्या वर्षीच्या सर्व चित्रपटांहून अधिक पैसा मिळवून गेला. फ्रेंच चित्रपट संपतो तेव्हा मुलाची आई थकून झोपलेली दिसते. अमेरिकन चित्रपटात ती त्या तिघांच्याच घरी राहावयास येते. अमेरिकन प्रेक्षकाला घरी जाताना सर्व जण एका छपराखाली बसलेले पाहावेसे वाटतात, असे दिसते. त्याला हसण्याचा आम्हांस काय अधिकार? सत्यनारायणाची कथासुद्धा आपण नौका किनाऱ्यास लागल्यावाचून सोडीत नाही. आमच्याकडे १९८९ साली ‘बाळाचे बाप ब्रह्मचारी’ निघाला, तेव्हा त्याच्या नावानेच जवळजवळ सगळी कथा सांगून टाकली.

पण हा व्यापार नेहमीच फळला असे नाही. फ्रान्सिस व्हेबर नावाच्या एकाच फ्रेंच लेखकाची कितीतरी प्रहसने हॉलिवूडने उचलली, आणि त्यांतील बरीचशी तेथे जाऊन कोमेजली. त्यांच्या ‘ल दीने द काँ’ या १९९८ च्या चित्रपटाविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण त्याची परीक्षा आमच्या स्वतःच्या घरात झाली आहे. पॅरिसचे काही सुखवस्तू गृहस्थ दर आठवड्यास एक जेवण घालतात. प्रत्येकाने आपापला एक मूर्ख शोधून आणावयाचा आणि त्याला बोलते करून सर्वांनी करमणूक करून घ्यावयाची. नायकाला सापडलेला मूर्ख करखात्यात नोकरीस आहे आणि आगकाड्यांपासून मोठमोठ्या इमारतींच्या प्रतिकृती बनविणे हा त्याचा छंद आहे. त्या संध्याकाळी यजमानाची पाठ धरते, दोघे घरातच अडकतात, आणि तो भोळा जीव मदत करावयास जाऊन यजमानाच्या आयुष्याच्या चिंध्या करतो. गंमत अशी की ज्यावरून चित्रपटास नाव दिले ते जेवण आपल्याला दिसतच नाही.

अमेरिकनांनी २०१० साली हाच चित्रपट नव्याने काढला, आणि ते जेवण सविस्तर दाखविले! आमच्या मते तेथेच तो फसला. मूर्खांची रांग प्रत्यक्ष मांडली की प्रेक्षक त्यांना हसू लागतो, म्हणजे तोही त्या दुष्ट यजमानांच्या पंक्तीस जाऊन बसतो. फ्रेंच चित्रपटात तो एकट्या यजमानाच्या फजितीला हसत असतो. पण त्याआधी तीन वर्षे, २००७ साली, मुंबईत सागर बल्लारी यांचा ‘भेजा फ्राय’ आला होता. त्याने फ्रेंच चित्रपटाचा एका घरात कोंडलेला आटोपशीरपणा राखला, आणि बदल केला तो फक्त मूर्खाच्या छंदात. फ्रान्समध्ये आगकाड्या, अमेरिकेत पेंढा भरलेल्या उंदरांचे देखावे, आणि आमच्याकडे गाणे. विनय पाठक यांचा भारत भूषण प्राप्तिकर खात्यात नोकरी करतो आणि आपण मोठे गायक होणार या श्रद्धेवर जगतो.

आम्ही मातोश्रींना हे दोन्ही चित्रपट एकामागून एक दोन रविवारी दाखविले. फ्रेंच चित्रपटाच्या खालच्या इंग्रजी ओळी आम्ही मराठीत सांगत होतो. त्या शांतपणे पाहत राहिल्या. आगकाड्यांच्या इमारती पाहून म्हणाल्या, “केवढी चिकाटी आहे रे याला!” हसू नाही; उलट त्यांना त्या माणसाविषयी आदर वाटला. पुढच्या रविवारी ‘भेजा फ्राय’ लावला. भारत भूषणने गळा साफ करून गाण्याचा पवित्रा घेतला मात्र, मातोश्रींनी आमच्या पत्नीच्या हातावर चापटी मारली आणि आमच्या सोसायटीतील एका सभासदाचे नाव घेऊन दोघीही पदरात तोंड लपवून हसू लागल्या. ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्या ज्या इमारतीत गणपती बसतो, त्या त्या इमारतीत असा एक गायक असतोच. उत्सवाच्या पाचव्या दिवशी तो ध्वनिवर्धक हाती घेतो, आणि जेवणाची वेळ टळून जाते तरी कोणास त्याला थांबविता येत नाही, कारण वर्गणी गोळा करण्याचे काम तोच करीत असतो. (ते सद्गृहस्थ हे मासिक वाचीत नाहीत, या भरवशावर आम्ही हे लिहीत आहोत.)

येथे आमच्या विरुद्ध बाजूची एक गोष्ट नमूद न करणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपली वस्तू दुसऱ्याने उचलून तिचे दुसरेच काही केले, म्हणजे फ्रेंचांना कसे वाटत असेल, याचा अनुभव मराठी प्रेक्षकाने २०१८ साली घेतला. नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आपण २०१६ साली पाहिला होता. त्याची हिंदी आवृत्ती ‘धडक’ उदयपूरच्या वाड्यांत आणि तळ्यांकाठी उभी राहिली, आणि मूळ कथेत जातीचा जो विस्तव होता तो तिकडे जाताना बहुतेक विझला. विनोदाचा संबंध तेथे नाही, ती शोकांतिका आहे. पण नियम तोच लागू पडतो. दोघांनी एकत्र राहू नये असे कोणाला व का वाटते, हेच जर पुसट झाले तर ते दोघे पळतात कशासाठी? आमच्या वर्गातील विद्यार्थी त्या वेळी जे तावातावाने बोलत होते, ते आम्ही डोंबिवलीच्या रस्त्यावर बोललो त्याहून वेगळे नव्हते. फरक एवढाच की त्यांनी दोन्ही चित्रपट पाहिले होते.

आमचा रोग निम्माशिम्मा तरी बरा केला तो कोणत्याही चित्रपटाने नव्हे, गोविंद बल्लाळ देवलांनी. ‘संगीत संशयकल्लोळ’ आम्ही लहानपणापासून रेडिओवर ऐकत आलो होतो, आणि ते इतके आपल्या घरचे वाटे की त्याच्याविषयी आमचा नेहमीचा प्रश्न कधी डोक्यातच आला नाही. पुढे अध्यापनाच्या निमित्ताने अठराव्या शतकातील इंग्रजी नाटके चाळीत असता आर्थर मर्फी या नाटककाराचे १७६१ चे ‘ऑल इन द राँग’ हाती लागले, आणि दुसऱ्याच प्रवेशात आम्ही ताठ उठून बसलो. संशयी नवरा, त्याहून संशयी बायको, एक तरुण जोडपे आणि हातोहात फिरणारी तसबीर. हे तर आमचे फाल्गुनराव! अधिक शोध करता कळले की मर्फीनेही ते मोलिएरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’ या एकांकी प्रहसनावरून रचले होते. म्हणजे पॅरिसचे प्रहसन इंग्रजीत गेले, पाच अंकांचे झाले, आणि तेथून देवलांनी ते मराठीत आणले. हॉलिवूड जन्मास येण्यापूर्वीच आमच्याकडे हा व्यवहार सुरळीत चालू होता. हरिभाऊ आपट्यांचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ मोलिएरचेच. आणि ज्यांच्या नावाने कल्याणात रंगमंदिर उभे आहे त्या आचार्य अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ही मोलिएरचे, जे मोलिएरने प्राचीन रोमच्या प्लॉटसकडून घेतले होते.

देवलांनी १८९३ साली प्रथम जे गद्य नाटक लिहिले त्याचे नाव ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. पदे घालून त्याचे ‘संशयकल्लोळ’ झाले ते १९१६ साली, देवलांच्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी. पात्रांना त्यांनी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली, ही वरवरची कलाकुसर म्हणून सोडून देऊ. खरी अडचण तरुण नायिकेची होती. इंग्रजी नाटकातील तरुणी प्रतिष्ठित घरची आहे, वयात आलेली आहे, अविवाहित आहे, आणि स्वतःच्या पसंतीच्या पुरुषावर प्रेम करते, रुसते, भांडते. १८९३ च्या महाराष्ट्रात अशी मुलगी कोणत्या घरातून आणावयाची? प्रतिष्ठित घरच्या मुलीचे लग्न तिला प्रेम हा शब्द कळण्यापूर्वीच उरकलेले असे. भाषांतर करणारा असता तर त्याने ती मुलगी तशीच मराठीत आणली असती, आणि प्रेक्षकांनी एकमेकांकडे पाहिले असते. देवलांनी रेवतीला नायकिणीच्या घरी जन्म दिला. त्या घरात मुलगी वयात येऊन अविवाहित असणे शक्य होते, पुरुषाशी तिची गाठ पडणे शक्य होते, आणि अश्विनशेटचा तिच्याविषयीचा संशयही लोकांना एकदम समजणारा होता. मग मर्फीच्या प्रहसनात नसलेली एक गोष्ट आपोआप आत आली: या मुलीला संसार हवा आहे आणि जग तिला तो देईल की नाही, याची खात्री नाही. गमतीच्या नाटकाच्या तळाशी केवढी ही कळ! आज वर्तमानपत्रे राजकारण्यांच्या गोंधळाला ‘संशयकल्लोळ’ म्हणतात, तेव्हा तो शब्द एका फ्रेंच माणसाच्या घरून निघालेल्या नाटकाचा आहे, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते.

काही वर्षांपूर्वी प्रशांत दामले आणि राहुल देशपांडे यांनी ‘संशयकल्लोळ’ पुन्हा रंगभूमीवर आणले, तेव्हा आम्ही मातोश्रींना घेऊन ठाण्यास गडकरी रंगायतनात गेलो. तीर्थरूप तोवर गेले होते. डोंबिवलीहून गाडीने येताना मातोश्री खिडकीशी बसून होत्या. मुंब्र्याचा डोंगर आला तेव्हा सहज म्हणाल्या, “रविवारी रात्री हे याच बाजूनं परत जायचे.” आम्ही काही विचारले नाही.

नाटक रंगले. फाल्गुनराव ती तसबीर हाती धरून थरथरू लागले तेव्हा प्रेक्षागृहात हास्याचा असा कल्लोळ उठला की पुढची दोन वाक्ये ऐकूच आली नाहीत. पुढच्या रांगेतील एका तरुणाने शेजारच्या मुलीच्या कानात काहीतरी सांगितले, आणि तो तिला मोलिएरविषयी तर सांगत नसेल, अशी धास्ती वाटून आम्ही उगाच अस्वस्थ झालो. मातोश्री डोळ्यांस पदर लावून हसत होत्या. त्यांनी डाव्या हाताने पुढच्या खुर्चीची पाठ धरली होती.

मध्यंतरात बटाटेवड्यांच्या गर्दीतून वाट काढून आम्ही दोन वडे आणि चहा घेऊन आलो. मातोश्रींनी वड्याचा तुकडा मोडला, आमच्याकडे बघितले आणि विचारले, “मग? हे कुठून घेतलंय म्हणतोस?”

डोंबिवलीच्या रस्त्यावरचे आमचे व्याख्यान तीर्थरूपांनी घरी येऊन सांगितले असले पाहिजे, हे तेव्हा प्रथमच आमच्या ध्यानात आले. आम्ही घसा साफ केला आणि म्हणालो, “त्याचं असं आहे आई, पॅरिसमध्ये १६६० साली...” इतक्यात घंटा झाली.

“राहू दे, घरी गेल्यावर सांग,” त्या म्हणाल्या, आणि चहाचा पेला आमच्या हाती देऊन आत निघाल्या.